माणूस, माकड आणि जळगावची गाडी

दोंडाईच्याच्या फलाटावर बसलेल्या मोगराबाईच्या कानावर शेजारच्या सुगनचंदशेठचं आणि त्यांच्या नातीचं बोलणं पडत होतं.

"प्रेम, अजूनही घरी चल. माणूस माकडापासून झाला हे झूठ आहे, असं या पुस्तकात साफ लिहिलंय. जळगावच्या कॉलेजात तेच झूठ शिकवणार."

"लिहिणाऱ्यानं कॉलेजातलं वाचलं असेल ना, दादाजी?"

"वाचल्याशिवाय खोडेल कसा?"

"मग मला न शिकताच का परत नेता?"

शेठनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. लांबून शिट्टी ऐकू आली.

"हे पुस्तक सोबत ने. मास्तरांशी भांड."

"आणि मास्तरच बरोबर निघाले तर?"

"तर दिवाळीला येऊन माझ्याशी भांड."

गाडी फलाटाला लागताच मोगराबाईनं आपणहून पोरीच्या ट्रंकेला हात लावला.

"चाल माय, गाडी उनी."