तीन ते साडेतीन

अगं, त्या दिवशी माझ्या तक्त्याने मावशीची पंचाईतच केली होती. घोडपदेवला ती शिवणकारखान्यात काम करते. काम कुठे अडतं ते शोधायला, शाळेच्या सांख्यिकी प्रकल्पासाठी, मी दर अर्ध्या तासाला धागा किती वेळा तुटतो ते लिहीत होते.

मालक सावंतकाका तक्ता बघून खूश झाले. "तीन ते साडेतीन शून्य! म्हणजे जमतं तुम्हाला. उद्यापासून दिवसभर असंच पाहिजे."

सगळ्या बायकांचे चेहरे उतरले. मी कशीबशी बोलले, "काका, तेव्हा मी मोजलंच नाही, नुसतं शून्य लिहून टाकलं. उन्हात कापडाचे बारीक तंतू तरंगत होते, ते बघत बसले."

मावशी म्हणाली, "मोजलं असतंस तरी शून्यच आलं असतं. तू काय बघतेस म्हणून आम्हीपण मशीन थांबवून वरच बघत होतो."