गुरुवारची टर्की

पुन्हा मलाच सांगायला लावताय. मंडळाची बैठक म्हटली की हेच... अण्णा, ती टर्कीची गंमत सांगा. गंमत तुमची, अब्रू माझी गेली. बरं, सांगतो, पण मध्ये कुणी हसायचं नाही, आणि चहा आला तर आधी इकडे.

तर आमचा शुभंकर. मुलगा माझा, नाकारता येत नाही. आम्ही इकडे कानडी मुलखात, के. आर. पुरमला, त्याची नोकरी महादेवपुऱ्यात, कंपनी अमेरिकेची, आणि साहेब वॉल्टर म्हणून, पिकलेला माणूस, इथे एकटाच. त्यांचा तिकडे नोव्हेंबरात एक सण असतो, त्या दिवशी घरोघर टर्की खातात. टर्की म्हणजे कोंबडीच, पण करडाएवढी. शुभंकरच्या डोक्यात आलं, साहेबाला घरी बोलवू, टर्की खाऊ घालू, बिचाऱ्याला परक्या गावात बरं वाटेल. बढतीचं घोडं त्याच साहेबापाशी अडलेलं, ते तो बोलला नाही, मी बोलतो. आता आमच्या घरात मटणाचं पातेलं माझं. आमच्या सोयराबाईने लग्न झाल्यापासून त्याला हात लावलेला नाही, आणि माझ्या रश्श्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. मग टर्की कोण करणार? मी. मला विचारलं का कुणी? नाही.

बरं, सण कुठल्या वारी? गुरुवारी. यंदाच नव्हे हो, तुम्हाला सांगतो, दर वर्षी गुरुवारीच. आणि गुरुवार आमच्याकडे दत्ताचा, त्या दिवशी घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. सोयराबाई म्हणाली, त्यांना सांग, सण रविवारी करा. शुभंकर म्हणाला, आई, अख्खा देश गुरुवारी खातो. ती म्हणाली, खाऊ दे, माझ्या उंबऱ्याच्या आत कोण खातो ते मी बघते. शेवटी तोडगा निघाला. चूल गच्चीवर, पातेलं गच्चीवर, साहेबाचं ताट गच्चीवर, आणि घरातल्या कुणी त्यातलं तोंडात घालायचं नाही. म्हणजे शिजवायचं मी, आणि चाखायचं नाही तेही मीच. जन्मात न पाहिलेला पक्षी माणसाने मीठ न चाखता कसा शिजवावा, हे विचारलं का कुणी?

म्हटलं, निदान हा पक्षी कुठला ते तरी कळू दे, मसाला ठरवायला बरं. सून आमची निधी, पुण्याची, फोनात बघून सांगायला लागली. अण्णा, मूळचा मेक्सिकोचा. मी म्हटलं, सरी, बरं झालं, मग तिखटाला भिणार नाही. तिथून स्पेनच्या लोकांनी जहाजात घालून युरोपात नेला. इंग्रजांना वाटलं, हा तुर्कस्तानच्या व्यापाऱ्यांचा माल, म्हणून नाव पडलं टर्की. मी म्हटलं, मग तुर्कस्तानात काय म्हणतात? तर हिंदी म्हणतात. त्यांना वाटतं, आपल्याकडचा. आणि पोर्तुगीज म्हणतात पेरू, तो देश आणखी तिसरीकडेच. बघा म्हणजे, जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि ज्यांनी पाळला त्यांचं नाव कुणी घेत नाही. असला एक पक्षी गोव्याहून मोगल बादशहाकडे गेला होता म्हणे, तर त्याने त्याचं चित्र काढून घेतलं. शहाणा माणूस... चित्राला मीठ लागत नाही.

बुधवारी होसकोट्याकडून टर्की आली, साफ करून. आमच्या फ्रीजमध्ये मावेना, आणि मावली असती तरी सोयराबाईने ठेवू दिली नसती. शेजारच्या शिवलीला अक्कांनी आपलं दूध बाहेर काढून तिला जागा दिली. गुरुवारी सकाळी शुभंकर निघताना म्हणाला, अण्णा, तुमच्या पद्धतीने करा. माझी पद्धत काय? कारखान्यात लेथवर जन्म गेला, नाजूक काम आपल्याला जमत नाही, कोयता घेतला आणि तुकडे केले. सुकं खोबरं, धणे, मिरी भाजून वाटण लावलं आणि चूल फुंकत बसलो. मांस कसलं ते, सायकलचा टायर... शिजता शिजेना. अक्का त्यांच्या गच्चीवरून विचारतात, एनु अण्णा, घरात लग्न काय? म्हटलं, स्वल्प थांबा, वरात माझीच निघणार आहे.

संध्याकाळी वॉल्टर आला. शुभंकरने ऐटीत झाकण काढलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला टर्की अख्खी हवी होती, भाजलेली, तंगड्या वर करून ताटात बसलेली. साहेबादेखत मला म्हणतो, "अण्णा, वाट लावलीत सगळ्याची. कापायच्या आधी विचारायचंत तरी."

विचारायचं. मी.

ताट वाढलं, वॉल्टरपुढे ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. मीठ बरोबर पडलंय की नाही, हे त्या गच्चीवर त्या एकट्यालाच कळणार होतं ना. त्याने हात जोडले. निधीच्या कानाशी काहीतरी बोलला.

निधी म्हणाली, "अण्णा, ते मांस खात नाहीत. कधीच सोडलंय."

मग काय, सोयराबाईने घरच्यांसाठी खाली वरणभात आणि लाल भोपळ्याची भाजी केली होती, ती वर आली. भोपळा बघून तो माणूस असा खुलला... त्यांच्या सणालाही भोपळा लागतो म्हणे, त्याची आई करायची. मागून मागून खाल्ला. जाताना माझा हात धरून म्हणाला, सॉरी, मी आधी सांगायला हवं होतं. आता त्याची काय चूक? त्याला तरी विचारलं होतं का कुणी? असं मी मोठ्याने म्हणालो, तर सोयराबाई म्हणते, "तुम्ही विचारलंत?" मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

शुक्रवारी पातेलं घरात आलं. मीठ कमीच होतं, घातलं. दुपारी तळ दिसला. हाडं चोखून चोखून सगळ्यांत जास्त कुणी खाल्लं, सांगायला नको. आणि खाता खाता म्हणतो, अण्णा, तुकडे बघून साहेबाचं मन उडालं, म्हणून त्यांनी शाकाहारी असल्याचं सांगितलं.

आता वॉल्टर दर गुरुवारी भोपळा खायला येतो, सोयराबाईला अक्का म्हणतो. बढतीही झाली, भोपळ्यावर. माझ्या चुलीचा धूर घरात गेला म्हणून सोयराबाईने दत्तापुढे माफी मागितली. दूध नासलं म्हणून मी शिवलीला अक्कांची मागितली. वॉल्टरने माझी मागितली, तीही उगाच. सगळ्यांची मागून झाली, आता राहिलाय एकच, रोज माझ्याच शेजारी ताटावर बसतो आणि म्हणतो अण्णा, मीठ सरकवा... शुभंकर.