नळी पुन्हा बघा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, रक्तपेढीतली सगळी मंडळी, समोर बसलेले रक्तदाते, आणि ज्यांना अख्खं रुग्णालय पाठीमागे ‘पुन्हाबाई’ म्हणतं त्या आमच्या डॉक्टरबाई,

बाई, हसू नका. हे नाव तुम्हाला ठाऊक आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे.

मी कामगार संघटनेचा माणूस. कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो की मला माइक लागत नाही. आज मात्र मी माइक दोन्ही हातांनी धरलाय, आणि ते वयामुळे नव्हे. ‘तुमचं-आमचं रक्त एकच!’ या वाक्यावर मी आयुष्यभर टाळ्या घेतल्या. ते वाक्य मी आता उच्चारत नाही. का, ते ऐका.

माझी धाकटी बहीण तिसऱ्या रांगेत बसली आहे. येताना रिक्षात तिने बजावलं, “दादा, माझ्यावर एक अक्षर बोललास तर उठून जाईन हं.” चिमे, बस खाली. आज मला बोलायलाच हवं.

हिच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. तिचा नि माझा रक्तगट एकच, म्हणून मी आधीच रक्त देऊन ठेवलं होतं. तंत्रज्ञाने तिच्या रक्तातला पातळ भाग आणि माझ्या रक्तपेशी एका नळीत एकत्र केल्या, पाहिल्या आणि म्हणाला, “जुळलं.” पिशवी रक्तपेढीच्या खिडकीपर्यंत आली. चिमीच्या नवऱ्याने, आमच्या जावयांनी, हात पुढे केला.

तेवढ्यात आतून आवाज आला, “पुन्हा. नळी कोमट पाण्यात ठेवून.”

“अहो बाई, जीव चाललाय तिचा!” जावई ओरडले.

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

त्यानंतरचं थांबणं मी कसं सांगू? वॉर्डातून नर्स यायची, खिडकीकडे बघायची, परत जायची. दर वेळी तिची चाल जास्त भरभर व्हायची. मोर्चात लाठ्या खाताना माझ्या तोंडाला कोरड पडली नव्हती. तिथे पडली.

मग बाईंनी मला आत बोलावलं. नळी दिव्यासमोर धरून हलकेच हलवली. मला वाटलं, गुलाबी पाणी दिसेल. दिसला विटेचा चुरा.

“गोठलं?”

“गोठलं नाही. तुमच्या पेशी एकमेकींना चिकटल्यात. पहिल्या बाळंतपणात तिला कुणाचं तरी रक्त दिलं होतं ना? तेव्हापासून तिच्या अंगात एक पहारेकरी बसलाय. गट एक असला तरी तुमच्या पेशींवर एक खूण आहे, तिच्या पेशींवर ती नाही. खूण दिसली की तो धरतो.”

“आणि पिशवी चढवली असती तर?”

बाईंनी नळी हळूच खाली ठेवली.

मित्रहो, शत्रूला भिणं सोपं असतं. पण माझ्याच दंडातून, मी मायेने काढून दिलेलं रक्त माझ्या बहिणीचा जीव घेणार होतं! तिला वाचवलं ते एका परक्या माणसाच्या रक्ताने. बाई पिशवीमागून पिशवी तपासत राहिल्या, तेव्हा कुठे ते सापडलं. तो माणूस कोण, आम्हाला आजही माहीत नाही. तो या सभागृहात असेल तर त्याला माझा नमस्कार.

आता माइक असा का धरलाय ते सांगतो. सोमवारी चिमीचं ऑपरेशन आहे. आणि बाई आज निवृत्त होताहेत.

बाईंनीच मला सांगितलंय की इतक्या वर्षांनी तो पहारेकरी तपासणीत दिसणारही नाही. तो झोपलाय, गेलेला नाही. नळी स्वच्छ दिसेल. ‘जुळलं’ असं मनापासून वाटेल. ती खूण असलेलं रक्त अंगात गेलं की मात्र तो जागा होईल. त्यासाठी तिची जुनी नोंद काढून, पिशवीतल्या पेशींवर ती खूण नाही ना, हे वेगळ्या नळीत पुन्हा बघावं लागतं.

म्हणून रक्तपेढीच्या नव्या प्रमुखांना हात जोडून सांगतो. सोमवारी मी तुमच्या खिडकीशी येईन. घाबरलेला असेन, म्हणजे ओरडेन. मोठमोठ्या लोकांची नावं घेईन. मला बोलता येतं हो, तीच तर भीती आहे! माझं ऐकू नका. बाईंचा तो एक शब्द माझ्या तोंडावर फेका.

बाई, तुमचे आभार मानायला निघालो आणि स्वतःचंच रडगाणं गाऊन बसलो. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. आज बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. सोमवारी मात्र घालू नका. सोमवारी मला खिडकीपासून हाकला, आणि नळी पुन्हा बघा.