शून्यावर आणलेली रेघ

संपदा : हीसुद्धा टोमॅटो पेस्ट करपली? मग आता कुणाला काढायचं, मयुरेश? कढईवरच्या गोटीरामला तर सोमवारीच काढून त्याच्या गावी, हरसूलला परत पाठवलं.

मयुरेश : मॅडम, कढईवरचा माणूस नवा आहे. अंदाज यायला वेळ लागतो.

संपदा : अंदाज कशाला लागतो? रसाची गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर दिलाय ना? काचेवर थेंब टाकायचा, डोळा लावायचा, रेघ अठ्ठावीसवर आली की टोमॅटो उतरवायचा. लहान पोरालाही जमेल.

मयुरेश : तेच करतोय. पण रेघ लवकर चढतच नाही, काय करणार?

संपदा : म्हणून आटवत बसता आणि खाली लागतं. आण तो इकडे. साधं पाणी टाक काचेवर. आता बघ, कितीवर आहे?

मयुरेश : रेघच दिसत नाहीये.

संपदा : पाण्याला शून्य दाखवायला पाहिजे. ही शून्याच्याही खाली गेलीय. स्क्रूला हात कुणी लावला?

मयुरेश : मीच. खंडेनवमीची पूजा झाल्यावर बघितलं, तर काच ओली आणि रेघ पाचवर. म्हटलं, शून्य हललंय. आणली खाली.

संपदा : ओली कशाने?

मयुरेश : नारळ फोडून सगळ्या मशिनींवर पाणी शिंपडलं होतं ना... यालाही ओवाळलं होतं.

संपदा : अरे बाबा, नारळाचं पाणी गोड असतं. त्या गोडीला तू शून्य करून ठेवलंस. तेव्हापासून हा पाच कमी दाखवतोय आणि सगळा माल आपण जास्त आटवतोय. वैताग आलाय नुसता. आणि मी त्या गोटीरामला सगळ्यांसमोर म्हटलं, तू ड्युटीवर झोपतोस.

मयुरेश : स्क्रू आत्ता नीट करतो, मॅडम. उद्यापासून माल चांगला निघेल. कशाला कुणाला सांगायचं?

संपदा : आणि गोटीरामला? फोन लाव त्याला.

(मयुरेश फोन लावून तिच्या हातात देतो.)

संपदा : गोटीरामभाऊ, मी संपदा बोलतेय. चूक तुमची नव्हती. मीटर चुकीचा दाखवत होता. उद्या कामावर या.

गोटीराम : मीटर व्हय?

संपदा : हो. तुम्ही ठासून का नाही सांगितलंत, मी झोपलो नव्हतो म्हणून?

गोटीराम : म्हनलो होतो ताई, पहिल्या दिशी. मंग तुमी सगळेच म्हनाया लागले. मलाबी वाटलं, लागली आसंल डुलकी. घरी बी तसंच सांगून टाकलंय.