शिदोबाचा तळवा आणि चुनखडीचा खडा

माणसाला दुखलं की कळतं. बरोबर ना? काटा रुतला — कळलं! दाढ ठणकली — आपल्यालाच काय, सगळ्या आळीला कळलं! पण मंडळी, मी आज वेगळंच विचारतोय. दुखायचं बंद झालं, तर ते कळतं का? नाही, घाई नको. पुढच्या रांगेतले मान हलवतायत — तुम्ही तर मी काहीही म्हटलं तरी हलवता! थांबा. आधी शिदोबाचं ऐका, मग उत्तर द्या.

शिदोबा कुंभार. नदीकाठचं गाव, कुंभारआळीच्या टोकाला घर. संक्रांत जवळ आली की पंचक्रोशीतल्या बायका म्हणणार, सुगडं आणायची तर शिदोबाकडचीच! का हो? चाक तर सगळ्याच कुंभारांचं फिरतं! त्याचं कारण होतं पायात. त्या घरची रीत अशी — माती सुनेनं चाळायची, भिजवायची. तुडवायची मात्र घरच्या कर्त्यानं. अनवाणी! टाच फिरवत, बोटं रोवत. चाळणीतून निसटलेला चुनखडीचा बारीक खडा तळव्याला टोचला, की शिदोबा वाकणार, खडा उचलणार, भिरकावणार. तो मातीत राहिला तर भाजलेलं मडकं उललंच म्हणून समजा. शिदोबा मिशीला पीळ देऊन सांगायचा, "माझा तळवा डोळ्यापरीस तिखट हाय!"

आणि एका वर्षी, ऐन संक्रांतीला, गुरवांच्या आत्याबाई अंगणात उभ्या. हातात तडा गेलेलं सुगड! "शिदोबा, वाण भरता भरता उललं रे हे. देवापुढं काय मांडू मी?" त्यांच्या मागून आणखी एक आली. मग आणखी एक.

शिदोबाचं तोंड उतरलं. अहो, आयुष्यभराची अब्रू ती! त्यानं तुकडा फोडून पाहिला — आत चुनखडीचा खडा. आता बघा हं, माणूस कसा विचार करतो. "मी माती तुडवली, माझ्या पायाला एकबी खडा लागला न्हाई. म्हंजे तवा मातीत खडा नव्हताच! मग आला कुठनं?" असं म्हणून तो वळला सुनेकडं. सारिका दारात उभी होती.

"मी तुडवून गेल्यावर तू त्यात कच्ची माती घातलीस! काम लवकर उरकावं म्हणून!"

"न्हाई मामा. देवाची आण, न्हाई."

"मग माझा पाय खोटा बोलतोय व्हय?"

भर अंगणात! सगळ्या बायकांसमोर! "उद्यापासनं मातीला हात लावायचा न्हाई," म्हणाला. पोरीनं हातातली चाळण भिंतीला टेकवली आणि आत गेली. रडली असेल, पण कुणाला दिसू दिलं नाही.

काय हो? पाय खोटा बोलत नव्हता. पाय बोलतच नव्हता! आपण गप्प बसलेल्यालाही साक्षीदार धरतो, ही आपली मोठी खोड आहे.

तशा पाय मुका होत चालल्याच्या खुणा पुष्कळ होत्या. बाजाराच्या चढाला पोटरी आवळून यायची. जरा थांबलं की सुटायची, पुन्हा चाललं की पुन्हा आवळायची. शिदोबा म्हणायचा, वय झालं. थांबला की काय करायचा? बिडी पेटवायचा! (मागं खांबाआड कोण उठलं? बसा बसा, तुमच्यावर नाही बोललो. अजून तरी नाही.) पाऊल बर्फासारखं गार पडायचं. म्हणायचा, थंडी आहे.

थंडी आहे म्हणून एका सकाळी तो भाजायच्या भट्टीला पाय लावून बसला. डोळे मिटले. छान वाटत होतं म्हणे! तेवढ्यात सारिका राख भरायला आली आणि किंचाळली — "मामा! पाय! पाय भाजतोय!"

शिदोबानं डोळे उघडले आणि विचारलं, "कुनाचा?"

हसू नका, मंडळी. अंगठ्याची कातडी करपली होती, आणि तो विचारत होता, कुणाचा!

सुनेनं त्याचा पाय ओढून काढला. ज्या हाताला त्यानं मातीला शिवू दिलं नव्हतं, त्याच हातानं. जखम भरेना. अंगठा काळा पडू लागला. मुलगा म्हणाला, शहरात चला. शिदोबा हटून बसला. "पाय कापतील. कुंभाराचा पाय गेला मग ऱ्हायलं काय?" शेवटी सारिका म्हणाली, "मामा, घरी बसला तर पाय नक्की जाईल. तिथं गेला तर वाचतो का, हे निदान विचारता तरी येईल." आणि बसवलं गाडीत.

डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवली. नाडी शोधत राहिले, शोधत राहिले. म्हणाले, "बाबा, इथं ठोका लागत नाही. पायाची रक्ताची नळी बुजलीय. खाली रक्तच पोचत नाही. म्हणून गार, म्हणून बधिर, म्हणून जखम भरत नाही."

"कापनार?"

"पाय वाचवायला बघू. चिरफाड नाही. जांघेत बारीक छिद्र, त्यातून तार, तारेवर फुगा. बुजलेल्या जागी नेऊन फुगवायचा, नळी आतून रुंद करायची. शंभर टक्के भरवसा देत नाही. पण उशीर करू नका."

शिदोबानं हवेतच गोळा धरल्यासारखी मूठ वळली. मग म्हणाला, "आम्ही मडक्याच्या पोटात गोळा धरतो, वरनं थापी मारतो. पोट आतनं वाढतं, मडकं फुटत न्हाई. तसं?"

डॉक्टर हसले. "बरंचसं तसंच. पण बिडी सुटली नाही, तर नळी पुन्हा बुजेल. ते काम माझ्या हातात नाही."

टेबलावर घेतलं. भूल फक्त जांघेपुरती, म्हणून शिदोबा टक्क जागा! समोर पडद्यावर त्याचाच पाय. रक्ताची वाट दिसावी म्हणून नळीत औषध सोडलं, तशी एक काळी धार मांडीतून उतरली, गुडघ्याखाली आली — आणि थांबली. पुढं सगळं कोरडं. शिदोबा पडद्याकडं बघून मनात म्हणाला — म्हणजे आपण इथपर्यंतच आहोत? एवढे दिवस मिरवलेला तळवा तिकडं पलीकडं, एकटाच?

तार पुढं सरकली. अडली. पुन्हा सरकली. फुगा फुगला, उतरला, पुन्हा फुगला. डॉक्टरांनी परत औषध सोडलं — आणि धार निघाली हो! गुडघ्याखाली, घोट्याला, पावलात, बोटापर्यंत! शिदोबाच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. खोलीत आणल्यावर सारिकानं हळूच पावलाला हात लावला. "मामा... पाय ऊन लागतोय." तिच्याकडं बघायचा धीर मात्र त्याला झाला नाही.

जखम भरायला पुष्कळ दिवस गेले. बिडी सुटली, रडतकढत सुटली. माती मात्र मुलगाच तुडवत होता. मग एके दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली. शिदोबानं सारिकाला हाक मारली. "चाळ." ती बघतच राहिली. "तूच चाळ, पोरी." तिनं चाळली, भिजवली. शिदोबा देवाचं नाव घेऊन मातीत उतरला. टाच फिरवली, बोटं रोवली...

"आई गं!"

सारिका धावत आली. "काय झालं मामा? लागलं?"

त्यानं वाकून मातीतून खडा काढला. एवढासा! तळहातावर धरून हसत होता, रडत होता. आणि मग त्याच अंगणात तो मोठ्यानं बोलला. आळीतल्या बायका उंबऱ्यावर आल्या इतक्या मोठ्यानं. "ऐका गं सगळ्या! खडा हितंच असतो! एखाददुसरा कुनाच्याबी चाळणीतनं निसटतो. त्यो धरायचं काम माझ्या पायाचं होतं. पाय माझा मेला हुता, अन् चोर मी हिला ठरवलं!"

सारिकानं पदरानं डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "लई दुखतंय का, मामा?"

"दुखतंय गं," शिदोबा म्हणाला. "दुखतंय!"

आता सांगा, मंडळी — दुखायचं बंद झालं तर कळतं का? घरात पूर्वी कुणी मुसमुसलं तर तुमचा घास अडायचा. आता अडत नाही. ते माणूस रडायचं थांबलंय म्हणून, की धार मध्येच कुठं बुजलीय म्हणून? आणि घरात काही तडकलं, की बोट कुणाकडं जातं तुमचं?

चला, हात जोडा. देवाकडं आज सुख मागू नका. एवढंच मागा — देवा, माझ्या माणसाचा खडा मला टोचू दे! म्हणा विठ्ठल... आणि घरी गेल्यावर, ज्याची चाळण तुम्ही काढून घेतलीय, त्याच्या हातात ती परत द्या.