पांढरी हुडी

नाही नाही, तुम्ही बोलूच नका अर्लकाका, मला माहितीये, तुम्ही कोर्टाचे शिपाई, ज्यूरीवर पहारा ठेवणारे, ज्यूरीतल्यांशी केसबद्दल बोलायची तुम्हाला बंदी आहे — मलाही आहे, काय बोलायचं ते आत त्या अकरा जणांशीच — पण मी कुठे केसबद्दल बोलतेय? मी सिगरेट ओढतेय. तुम्ही तुमची ओढत नुसते उभे राहा. आत वेड लागायची वेळ आलीये हो. अकरा म्हणतात गुन्हेगार, एक म्हणते नाही, आणि ती एक कोण? मी. कॅलिफोर्नियावाली. काल एकाने ऐकवलंच, तुमच्याकडे चोरांना हार घालतात म्हणे — सगळे खो खो. इतकी वर्षं नॅशव्हिलमध्ये राहतेय, तरी मी बाहेरून आलेलीच, घरभाडी वाढली तर माझ्यामुळे, ट्रॅफिक तुंबला तर माझ्यामुळे.

आणि तो बॅगवर निवडणुकीतल्या आमच्या पक्षाचे निळे स्टिकर लावलेला पोरगा — मला वाटलं हा आपल्यातला, आपल्यासारखंच मत देणारा, हा तरी साथ देईल. कसली साथ, सगळ्यात आधी तोच म्हणाला, दोषी, चला, मला विमान गाठायचंय. आणि ज्याला बघून पहिल्या दिवशी मी खुर्ची लांब सरकवली होती, तो दुसऱ्या पक्षाचा लाल टोपीवाला, हरणं मारणारा हॉलिस — त्याने आपलं हॅम भरलेलं, पावासारखं बिस्किट मोडून अर्धं मला दिलं. म्हणाला, "पोरी, तुझ्यापाशी काही असेल तर टेबलावर ठेव. मी बघतो. पण नुसतं 'मला वाटतं' म्हणालीस तर मी मत बदलणार नाही." ठेव म्हणे. कसं ठेवू?

बघा ना, सगळी केस एका कॅमेऱ्यावर उभी आहे. दारावरच्या बेलचा कॅमेरा. अंधारात कोणीतरी पिस्तूल दाखवून म्हाताऱ्याला लुटतो, चेहरा दिसत नाही, अंगात पांढरी हुडी. आरोपीच्या, त्या डेव्हॉन्टेच्या कपाटात पांढरी हुडी सापडली. झालं, संपलं. नुकतंच मिसरूड फुटलेला मुलगा हो, आठदहा वर्षं तरी आत जाईल, आणि त्याची आई रोज मागच्या बाकावर चर्चला जाताना घालतात तशी हॅट घालून बसते. सरकारने दिलेला त्याचा वकील इतका दमलेला, की अंधारात तो कॅमेरा रंग खरे दाखवतो का, हे त्याने विचारलंच नाही. नाही दाखवत. काळी हुडीसुद्धा त्यात पांढरी दिसते.

मला कसं माहीत? वाचलं असेल कुठेतरी — नाही, वाचलं नाही, असं बघू नका. जजबाईंनी बजावलंय ना, शोधायचं नाही, फोनला विचारायचं नाही, घरी काही करून बघायचं नाही. मी फोनला विचारलं नाही, शप्पथ. पण आमच्या दारावर तसलाच कॅमेरा आहे, आणि टेस, माझी रूममेट, काळी हुडी घालून कचरा टाकायला गेली, तेव्हा सहज — बरं, सहज नाही. मीच पाठवली. पोर्चचा दिवा बंद करून. पुन्हा पुन्हा पाठवली, शेवटी चिडली माझ्यावर. दर वेळी बर्फासारखी पांढरी. माझ्या फोनमध्ये आहे सगळं, तुमच्याच टोपलीत पडलाय तो, सकाळी तुम्हीच गोळा केलात ना.

आता सांगा, मी काय करू? दाखवलं तर नियम मोडला म्हणून मला काढतील आणि माझ्या जागी तो राखीव माणूस आणतील, जो साक्षी चालू असताना घोरत होता. मग बाराच्या बारा एक. नाही दाखवलं तर हॉलिस हलत नाही, आणि मी एकटी किती दिवस टिकणार, काका? तुम्ही बोलू नका, फक्त मान हलवा — एखादीने असं केलं आणि कोणाला कळलंच नाही, तर चालून जातं ना? तुमच्या मुलावर अशी वेळ आली असती तर तुम्हीसुद्धा —

सिगरेट का विझवलीत? अजून अर्धी होती. काका, तिकडे कुठे, ते जजबाईंचं दार आहे. मी तुम्हाला आपलं समजून सांगितलं हो. मी गेले की आत त्या पोराच्या बाजूने कोण उरेल? ठोठावू नका. अर्लकाका, तुमच्या पाया —

...हो, मॅडम. मीच.