पांढऱ्या टेपचा तुकडा

मला हट्टी म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण आधी वरसाव्याच्या रिसॉर्टमधलं ऐका. दोन हजार आठ साल असेल. तिथे पेंटबॉल खेळायचे. हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका, आणि त्या दुरुस्त करायला मी. त्याआधी हाटकेशच्या एका छोट्या कारखान्यात सहा वर्षं हवेची फिटिंग्ज बसवली होती मी.

एका शनिवारी सकाळी चार बंदुका फिटिंगजवळ लीक व्हायला लागल्या. मी मालकांना म्हटलं, "आट्यांना लिक्विड सीलंट लावते, पण उद्यापर्यंत सेट होऊ द्या."

"पार्टी आज आ रही है. टेप लगाओ," म्हणत त्यांनी प्लंबर सावंतांना बोलावलं.

सावंत म्हणाले, "तीस वर्षं नळांना हाच टेप लावतोय, ताई."

"नळात तुकडा सुटला तर बादलीत पडतो, सावंत. इथे तो व्हॉल्व्हमध्ये अडकेल आणि हवा गळत राहील."

"आता बायका आम्हाला प्लंबिंग शिकवणार," असं म्हणून त्यांनी चारही फिटिंगना नळाचा पांढरा टेफ्लॉन टेप गुंडाळला.

दुपारी खेळ सुरू झाला आणि तासाभरात चारही बंदुका फुसफुसायला लागल्या. पार्टी भडकली. मालकांनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. त्यात लिहिलं होतं, 'मेकॅनिकची चूक'.

"साइन करो, नहीं तो कल से मत आना."

मी शांतपणे एक व्हॉल्व्ह खोलला, आत अडकलेला पांढरा तुकडा पिनेने काढला आणि सहीच्या जागी स्टेपल केला.

"ये क्या है?"

"जिसकी गलती, उसकी साइन."